कडता

मी तपासनीस लिहिला गेल्या उन्हाळ्यात,
दोनशे ओळींचा, बिनपगारी.
पोरांचा प्रोग्राम दहा नमुन्यांवर पळवतो,
उत्तरं ताडून बघतो,
आणि हुकलेली उत्तरं ज्या वाटेनं गेली
तिथली ओळ न् ओळ हुंगतो.
जिच्यावर फक्त चुकीचीच पावलं, ती लालभडक.
जिच्यावरून बरोबरचीही गेली, ती फिकी.
बाकीच्या पांढऱ्या, निर्धास्त.

मोंढ्यात परखी खुपसतात ना पोत्यात,
ओली तूर कुठल्या थराला आहे बघायला,
तसंच हे.
पोतं उसवायचं नाही.

दरवेळी जमतं असं नाही.
कधी चूक करते एक
आणि लाल होते तिची शेजारीण.

उदगीरच्या आमच्या लॅबमध्ये बावीस कॉम्प्युटर, सतरा चालू,
पहिल्या वर्षाची एकसष्ट पोरं.
"सर, चालंनाच गेलंय."
"सर, माझंबी."
मला दोनच डोळे,
त्यातला एक यूपीएसच्या पिपाणीकडं.

मुजम्मिलनं बेरजेचं शून्य लूपच्या आत मांडलेलं,
दर फेरीला पाटी कोरी.
चौथी ओळ लाल झाली,
तो कपाळावर हात मारून हसला
आणि ती उचलून वर नेली.
असं झालं की मला उगाच
तपासनिसाच्या पाठीवर थाप मारावीशी वाटते.

मग शिवकांता बिरादार, खिडकीजवळ.
प्रश्न साधा: पोत्यांची वजनं घ्या, एकूण सांगा.
दहापैकी नऊ नमुने चुकले.
पोती शून्य असतील तेवढंच उत्तर बरोबर.
ओळ सात, लालभडक:
एकूणमध्ये वजन मिळव, एक वजा कर.

पडद्यावर माझंच वाक्य उमटलं,
उन्हाळ्यात लिहिलेलं, जरा तोऱ्यात:
"ओळ ७. येथे चूक आहे."

ती वाचत राहिली.
मग माझ्याकडं न बघता म्हणाली,
"कडता हाय की सर ते.
पोत्यामागं एक किलो.
पप्पा मापाडी हायेत, रोज लिहितेत."

खिडकीतून डाळमिलचा भुसा येत होता,
कीबोर्डवर बसत होता.
मी नऊ उत्तरांतला फरक मोजला:
जितकी पोती, बरोबर तितकाच.
चूक इतक्या शिस्तीत येत नाही सहसा.
आणि ते दहा नमुने मी लिहिले होते
घरी, पंख्याखाली,
एकही पोतं न उचलता.

म्हटलं, "या प्रश्नात कडता धरायचा नाही."
"बरं," म्हणाली.
वजा एक पुसला.
दहाच्या दहा हिरवे.

त्या रात्री मी माझी ओळ शोधून काढली,
एकशे त्रेचाळिसावी.
"येथे चूक आहे" खोडलं,
लिहिलं, "इथं जरा थांब. मनात काय होतं?"
खाली एक चौकट ठेवली, रिकामी.
तपासनिसाला ती वाचता येत नाही.

सोमवारी पहिली भरलेली चौकट तिचीच,
सगळं हिरवं असताना भरलेली:
"सर, वजा केलेलं जातं कुठं?
त्याला व्हेरिएबलच नाही."