सतरा नंबरची बॅच

शर्विलने लॅपटॉप उघडला, चहा बाजूला सरकवला,
म्हणाला, "काकू, तुमची स्टाइल काय?
म्हणजे मिनिमल, की बोहो, की आपलं पारंपरिक,
पितळ वगैरे?"

कोपरखैरणेच्या या सिडकोच्या दोन खोल्यांना
आजवर कुणी इतक्या अदबीनं
काही विचारलं नव्हतं.

काय सांगू त्याला?
जिथे ओल, तिथे कॅलेंडर.
जिथे धाकट्या दीरांनी ड्रिल लावताना
थेट पेडणेकरांचं स्वयंपाकघर गाठलं,
तिथे आरसा.
(त्यांच्या फोडणीचा वास अजून येतो,
केस विंचरताना.)
सोफ्याचा चौथा पाय म्हणजे वीट,
तिला मी मोजा शिवलाय, निषादच्या शाळेच्या पँटचा,
पाहुण्यांना कळत नाही
आणि ज्यांना कळतं ते पाहुणे नाहीत.

"मग भिंती," तो म्हणाला.
"हा निळा कुठल्या कंपनीचा?"
शेडकार्डाचा पंखा उघडून
तो एकेक पट्टी भिंतीला लावू लागला,
मुलगी दाखवताना साडीवर ब्लाऊजपीस धरून बघावं तसा.
आकाशी नाही. मोरपंखीही नाही.
शाईचा एक जवळ आला, पण थोडक्यात चुकला.
शेवटी म्हणाला, "असा रंगच नाहीये, काकू."

नाहीच तो.
पावण्याच्या रंगाच्या कारखान्यात
सतरा नंबरची बॅच बिघडली, त्या वर्षी
बोनसऐवजी मिळालेले हे चार डबे.
मोरेश्वरांनी सायकलला दोन्हीकडे बांधून आणले
आणि दिवाळीच्या आदल्या रात्री
शिडीऐवजी टेबलावर स्टूल ठेवून
आम्ही दोघांनी दोन खोल्या रंगवल्या.
मी खालून, ते वरून.
मध्ये कुठेतरी ब्रश भेटले, तिथे अजून एक जाड रेघ आहे;
शर्विल तिला टेक्स्चर म्हणाला.

नंतर कारखाना बंद पडला.
पत्र्याच्या फाटकाला कुलूप लागलं,
ह्यांच्या नखांतला निळा निघायला दोन महिने लागले.
त्या दोन महिन्यांत ते जेवताना
हात ताटाखाली धरून बसत.

निषादला राखाडी हवाय. त्याचं बरोबरच आहे.
त्याच्या पगारातून होतंय,
आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये
पाठीमागे नापास बॅच कशाला दिसावी?
मी सगळ्याला हो म्हटलं. फॉल्स सीलिंगला, पिवळ्या दिव्यांना,
हँडल नसलेल्या कपाटांनाही
(ती उघडतात कशी, हे मला तीनदा दाखवावं लागलं).

कॅलेंडर काढलं तेव्हा
त्याच्यामागचा चौकोन कोरा निघाला, पहिल्या दिवसासारखा.
मग कळलं, बाकीची भिंत किती विटली होती
आणि आम्ही तिलाच निळी म्हणत होतो.

शर्विलची माणसं जेवायला गेली तेव्हा
मी माळ्यावरून उरलेला डबा उतरवला.
झाकण उलथन्यानं उचकटलं.
वर जाड साय धरलेली,
तिच्याखाली रंग अजून ओला.
मला उगाचच त्या डब्याचं कौतुक वाटलं.

नव्या स्वयंपाकघरात सगळ्यात खालचा ड्रॉवर,
रबरबँड, दोरे, गॅसची जुनी पावती ठेवायचा;
त्याला मी आतून रंगवला.
खाली वाकले, गुडघे कुरकुरले,
वरची बाजू रंगवायला या वेळी कुणी नव्हतं,
पण ड्रॉवरला वरची बाजू नसतेच.

वास्तूची पूजा झाली. सगळे म्हणाले,
घर किती मोठं दिसतंय.
दिसतंय खरं.
रात्री हे काहीतरी शोधत होते, कपाटं ढकलून बघत,
एकही उघडेना.
मग खालचा ड्रॉवर सापडला.
बराच वेळ आवाज नाही.
मी आतून ऐकत पडले होते.

"सतरा," ते म्हणाले. स्वतःशीच.

आणि थोड्या वेळानं, नेहमीच्या आवाजात,
"अगं, नेलकटर कुठे ठेवलंस?"