मर्यादेच्या खाली

रात्रपाळीला आम्ही तिघं:
मी, मुत्तू फिटर आणि भट्टी.

बळ्ळारी नाल्याकाठच्या या शेडात
बेळगाव येतं ते काळं, जाड, बिननावाचं.
शहापूरच्या मोऱ्या, टिळकवाडीची न्हाणीघरं,
खडेबाजारातल्या खानावळींचं तेल,
उद्यमबागेतल्या टाक्यांचं धुवण.
दाबपट्ट्यात पिळून पाणी पुढं जातं, मार्कंडेय नदीकडं.
जड ते मागं राहतं, माझ्या वाट्याला.

पूर्वी हा गाळ वाळवून वाटत होतो.
मुचंडीची लक्कव्वा ट्रॉली घेऊन यायची,
"वांगी काय धरत्यात बघ की," म्हणायची,
जाताना दारात दोन ठेवून जायची.
आता फाटकावर कन्नडमध्ये पाटी आहे,
खाली खडूनं मी मराठीत लिहिलंय:
खत देणे बंद.
"का रे? वास तर तोच हाय."

लक्कव्वा, जे आहे त्याला वास नाही.
जंतू उन्हानं मरतात, चुन्यानं मरतात.
हे कधी जिवंतच नव्हतं, मरणार कसं?
कार्बनला फ्लोरिननं मारलेली गाठ,
पावसाला सुटत नाही, गांडुळाला सुटत नाही,
देठातून वर चढते
आणि रक्तात बसते भाडेकरूसारखी,
भाडं न देता.

म्हणून भट्टी. हवा बंद.
सहाशे, साडेसहाशे, काटा सातशेला थरथरतो.
गाळाचा कोळसा होतो,
पण गाठ सगळी तुटत नाही, काही धूर होऊन उठते.
तिथं फसायचं नाही.
धुराला दुसऱ्या कोठीत गाठायचं, अकराशेवर,
मग चुन्याच्या पाण्यातून काढायचं,
मग ते पाणीही तपासायचं.
मुत्तू म्हणतो, हे कसलं मारणं,
दर दारात परत मारायचं!

अप्पांना हे मी उशिरा सांगितलं.
तीस वर्षं ते क्रोमच्या टाकीवर होते.
सुरुवातीला पिवळी वाफ चढायची, नाकाचा पडदा खायची.
भरमा मेणसेला शेवटी आपल्या भाकरीचा वास येत नव्हता.
मग मालकानं एक डबा आणला.
टोपणभर ओतलं की पांढरा फेस धरायचा,
वाफ फेसाखाली गप.
अप्पांचं नाक शाबूत आहे.
कुंदा कुणाच्या घरी आटतोय, गल्लीच्या तोंडाशी सांगतात.

तोच फेस मी जाळतोय.

सांगितलं तेव्हा ते दाढी करत होते.
आरशातूनच म्हणाले,
"खरं त्यानंच मला वाचवलं की रे."
होय, म्हटलं.
त्यांनी वस्तरा धुतला. पाणी मोरीत गेलं.

सहा आठवड्यांनी अहवाल आला.
बाटलीवरची चिठ्ठी कन्नड, अहवाल इंग्रजी,
अप्पांना मी मराठीत वाचून दाखवला:
कोळशात, मोजणीच्या मर्यादेखाली.
"म्हणजे न्हाई?"
म्हणजे यंत्राला दिसत नाही, अप्पा.
"यंत्राला."
अर्धा निकाल कसा ऐकायचा
हे आमच्या गावाला शिकवावं लागत नाही.

परवा लक्कव्वानं दारात पुन्हा दोन वांगी ठेवली.
शेणखतातली हाईत, बिनघोर खा.
एक मी चिरून नमुन्याच्या बाटलीत भरलं,
तारीख घातली.
दुसरं अप्पांनी तोवर
चुलीत भाजायला टाकलं होतं.