हार्मोनियमचा ठराव

ही वही रद्दीत घालायची की ठेवायची
हे ठरवायला मला बसवलं आहे.
वाळवीनं कडा खाल्ल्या, मधला मजकूर सोडला.
सुबोध भगिनी मंडळ, भोईवाडा,
दर गुरुवारी, दुपारी तीन ते पाच.

ठराव पहिला: मंडळासाठी हार्मोनियम घ्यावी.
सूचक सौ. धुरंधर, अनुमोदक सौ. केळुसकर,
वर्गणी दरमहा दोन आणे.
पुढच्या पानावर क्रोशाची जाळी
आणि लिंबाच्या गोड लोणच्याची कृती.
इतिवृत्तात लोणचं कसं शिरलं कोण जाणे,
पण प्रमाण बरोबर आहे. मी करून पाहिलं.

मग आश्विनातला एक गुरुवार.
अक्षर मनोरमा तळपदेचं, एरवी मोत्यासारखं,
इथं टाक दोनदा अडकलाय.
"गिरणीतल्या ठकू घागची मुलगी तुळसा
जिन्याखाली निजलेली आढळली. हलवूनही उठेना.
ठकू म्हणाली, अफूची गोळी दिलीय,
पाळी सुटेपर्यंत पुरते."
त्याखाली अर्धं पान कोरं.
गप्प बसण्यासाठी इतिवृत्तात रकाना नसतो,
तिनं तो असा आखला असावा.

ठराव: हार्मोनियम तूर्त तहकूब.
खोलीत सकाळी लहान मुलांना बसवावे.
विरोध सौ. धुरंधर. कारण: सतरंजी नवी आहे.
हसू नका.
याच बाईंनी दुसऱ्या दिवशी सतरंजी गुंडाळून घरी नेली
आणि आठवड्यानं, सासऱ्यांच्या गाद्या उसवून शिवलेली
चौदा आसनं घेऊन आल्या.
सासरे काय म्हणाले, ते नोंदलेलं नाही.

माठ एक की दोन,
यावर तीन गुरुवार गेले.
माठ एक. सात विरुद्ध पाच.
त्या पाचांतल्या तिघी परत आल्या,
दोघींची नावं पुढं कुठंच नाहीत.

खर्चाची बाजू:
माहीमची वाळू, चाळून, एक गोणी.
पत्र्याची ताटं सहा.
गिरणीतल्या मोडक्या कांड्या, फुकट,
रंगाला मात्र नऊ आणे. मोजायला, रचायला,
आणि एकानं गिळायचा प्रयत्न केला म्हणून
पुढच्या खेपेला मोठ्या कांड्या.
गोदूताई चेंबूरकरांचे यजमान म्हणाले,
नुसतं खेळायचंच, तर शाळा कशाला?
उत्तर लिहिलेलं नाही.
त्या महिन्याच्या जमेत त्यांच्या नावावर पाच रुपये आहेत.

संपाच्या दिवसांत ठकूला जायला गिरणी नव्हती.
मनोरमेनं समासात, शाई वाचवत, बारीक लिहिलंय:
"ठकू उंबऱ्यातच बसते. आत ये म्हटलं तर लाजते.
आज मुलं गेल्यावर तिनं वाळूत बांगडी दाबली,
वर बोटानं एक दांडी काढली
आणि मला विचारलं, ह्योच का माझा?
मी म्हटलं, हो, हाच ठ."

मी वही खिडकीशी नेली.
पुढच्या वर्षीच्या सभासदांची यादी,
सह्या एकाखाली एक, वळणदार, लफ्फेदार,
काहींच्या शेपट्या शेजारणीच्या नावात गेलेल्या.
तळाशी एकटाच ठ.
गोल पुरता मिटलेला नाही,
शाई तिथं थांबून थोडी पसरली आहे.
वर्गणी दोन आणे, पोचली.

तुळसाचं पुढं काय झालं, मी शोधलं.
एकदा नाव सापडलं: "तुळसा दुपारची जागी होती,
फार भांडली." त्यानंतर वाळवी.

हार्मोनियम तहकूब, असं अकरा वेळा लिहिलंय.
अकराव्यांदा कारणही दिलेलं नाही.

रद्दीवाला खाली आलाय, दोनदा हाक मारून झाली.
त्याला सांगितलं, वर्तमानपत्रं ने, आज एवढीच.
शेजारच्या खोलीत एकोणीस पोरं आहेत,
कुणीतरी डबा बडवतंय,
बाकीची त्याला गाणं समजून ओरडतायत.
पुढच्या गुरुवारी सभा आहे.
विषयपत्रिका मीच लिहायची आहे.