ट्रॉलीची किंमत

मंगरूळपीर सोडलं की डांबर संपतं, गिट्टी सुरू होते.
मी पोचले तेव्हा ट्रॉली गोठ्यामागं उभी होती,
हूक दगडावर टेकवून,
हौदावर वाकलेल्या जनावरासारखी.
हौद्यात तुरीच्या तुऱ्हाट्या. त्या आधी काढायला लावल्या.

वादी रामकिसन इंगोले, प्रतिवादी अवधूत इंगोले.
एकाच घराच्या दोन दारांतून दोघं आले,
चहाही दोन दारांतून आला.
मी दोन्ही कप प्याले. निष्पक्ष राहायचं तर
इलाज नसतो.

लांबी अकरा फूट, रुंदी सहा.
टायर दोन, त्यातला डावा रिमोल्ड.
जॅक गळतो, खाली तेलाचा डाग
आणि डागात एक कोंबडी पाय पुसत बसलेली.

अवधूत म्हणाला, "पत्रा पाहा न मॅडम, पार सडला."
रामकिसन म्हणाला, "सडला कायचा! थो शेणाचा डाग आहे."
मी नखानं खरवडलं.
थोडं शेण निघालं, थोडा पत्रा.

ज्याच्याकडं वस्तू राहणार, त्याला ती नेहमीच जुनी दिसते.
बावीस वर्षांच्या धंद्यात हे एवढंच पक्कं कळलंय,
घसाऱ्याचे दर तर दरवर्षी बदलतात.

मग वकिलाचा फोन आला.
वाटणीच्या कागदात अदलाबदल झाली होती,
ट्रॉली थोरल्याला, थ्रेशर धाकट्याला.
फोन ठेवता ठेवता
रामकिसनला फळीतलं भोक सापडलं,
त्यातून त्यानं मला करंगळी काढून दाखवली.
अवधूत मुठीनं पत्रा वाजवू लागला,
"आवाज ऐका मॅडम, मंदिराची घंटा वाजून रायली!"
हसू आलं. मी खोकल्यासारखं केलं.

अडचण वेगळीच होती.
कागदावर चेसिस नंबर, शेवटचे आकडे चारशे सतरा.
ट्रॉलीवर पाटीच नव्हती.
दांडीवर कागद धरून मी पेन्सिल घासली,
कागदावर उमटला नुसता गंज,
बारीक, रव्यासारखा.
हीच ती ट्रॉली, हे कोर्टाला सांगायचं कशावरून?

कारंज्याहून सत्तार मिस्त्रीला बोलावलं.
लुना लावली, चष्मा पुसला,
कागदाकडं पाहिलंसुद्धा नाही.
तुऱ्हाट्यांवर पाठ टेकून तो खाली सरकला,
मी मोबाइलचा उजेड धरला.
दांडी जिथं चौकटीला मिळते तिथल्या जोडावरून
त्यानं अंगठा फिरवला, सावकाश,
आजारी माणसाची नाडी शोधावी तसा.

"माझीच आहे. दोन हजार अकरा, दिवाळीच्या आधी.
हे पाहा, इथवर शिवण सरळ आली.
इथं लाइट गेली.
जनरेटर मागवलं, रात्र झाली,
मंग इथून पुन्हा धरली. दिसते का गाठ?"

दिसत होती.
तांदळाएवढी, वाकडी.

तुमच्या बापानं घाई केली होती, तो म्हणाला,
दुसऱ्या दिवशी सरकी न्यायची होती.
मग खालूनच विचारलं,
"माह्या हातावर टॉर्च कोण धरला होता रे त्या रात्री?"

"मी," रामकिसन म्हणाला.
"मी," अवधूत म्हणाला.

वर दोन जोडी चपला होत्या.
एकही हलली नाही.
मिस्त्री बाहेर सरकला, पाठीवरची काडी काढत,
"कोण होता आठवत नाही बाप्पा.
टॉर्च लय हलत होता, एवढं याद आहे."

निर्माता या रकान्यात मी लिहिलं:
सत्तार मिस्त्री, कारंजा. ओळख जोडावरून पटली.
किंमत रुपये एकाहत्तर हजार, अक्षरी खाली.
दोघांनी सह्या केल्या, माझ्याच पेनानं.
पेन परत द्यायचं राहिलं.
मूर्तिजापूर रस्त्याला लागल्यावर लक्षात आलं,
पण कोणाकडं राहिलं ते
तेव्हाच पाहिलं नव्हतं.