उशी

मेडिकलच्या व्हरांड्यात रात्री दोनला
फरशी अजून दिवसभराच्या उन्हानं तापलेली.
आत शांतवन. सकाळी नऊला ऑपरेशन.
प्रार्थनेला डोळे मिटले,
तर दिसली फक्त फॉर्मवरची माझी वाकडी सही.

मेकोसाबागेत, संडे स्कूलमध्ये,
मला त्या गोष्टीचा राग यायचा:
तारू पाण्यानं भरत चाललेलं
आणि प्रभू मागच्या अंगाला, उशीवर, निजलेला.
झोप लागतेच कशी?
मिस म्हणायच्या, पुढं वाच.

शेजारी उमरेडकडची कुणी बाई,
नातवाला साप चावलेला.
न विचारताच तिनं गाठोडं सरकवलं.
"टेकव नं डोकं. मी आहो जागी."

गाठोड्याला रॉकेलचा वास, आत काहीतरी टोचणारं,
बहुतेक डब्याचं झाकण.
वारा थांबला नव्हता.
मलाही झोप लागली.