उचे बेश वार

होपामध्ये, बेकरीवरच्या तिसऱ्या मजल्यावर,
मुहसिनबेंच्या गोळ्या वेळेवर द्यायच्या
म्हणून नातोला आधी घड्याळ शिकावं लागलं.

'सआत काच?' किती वाजले?
बसडेपोचा जुना कारकून उशीवरून हसतो:
काच म्हणजे किती.
आणि काच म्हणजे पळ, हेसुद्धा.
तीस वर्षं लोक खिडकीशी येऊन
मला दोन्ही एकदमच म्हणायचे.

नऊ वाजून वीस:
वीस मिनिटं नऊला ओलांडताहेत, गेचियोर,
ओलांडून झालेली नाहीत अजून.
साडेबारात मात्र बाराच नाहीत,
नुसतं अर्धं. यारम.
बारा कुठे गेले?
जेवायला, म्हणतो म्हातारा.

मग येतात तीनला पाच कमी.
नातोच्या जॉर्जियनमध्येही कमीच,
तुमच्या-माझ्यासारखंच,
तीनच्या अंगावर पाचांचं कर्ज.
तो बोट हलवतो, नाही.
उचे बेश वार.
तीनपर्यंत पाच आहेत.
आहेत, पोरी. वार.

रात्री बातुमीहून लेकीचा फोन,
सीमेपलीकडून, अर्ध्या तासाच्या वाटेवरून:
आई, तू यायला किती दिवस?
नातो फ्रिजवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवते.
जिभेवर आलेलं 'उरलेत' परत गिळते.
अकरा आहेत, म्हणते.
आहेत म्हणजे?
म्हणजे आहेत गं, माझ्याजवळ.

आतून हाक: नातो, सआत काच?
ओना इकी वार!
दहाला दोन आहेत.
मग आधी पाणी आण, गार नको.