ओल

नडगीवर लाल गाठी उठल्या
तेव्हा आम्ही म्हटलं, ढेकूण.
गादी गच्चीवर नेऊन उन्हात टाकली.
मग गुडघा सुजला. शाळेत पडली असेल.
संबोधी म्हणाली, नाही पडले.
दोनदा म्हणाली.

परळच्या डॉक्टरीणबाईंनी
गुडघा दाबून पाहिला, गाठी पाहिल्या,
आणि विचारलं, शी कशी होते हिला?

मी प्लंबर.
दुसऱ्या मजल्याच्या भिंतीला ओल आली
की पाचव्याची मोरी फोडायची,
एवढं कळतं मला.
नुसता रंग मारून घेणाऱ्यांना हसतो मी.

घरी येऊन तिच्या नडगीवरची हळद पुसली,
फुंकर घालत.
विचारलं, सगळ्यात आधी कुठे दुखलं गं?

तिने बेंबीवर बोट ठेवलं.
'तेव्हा तुम्ही म्हणालात, नाटकं नकोत.'